शब्द न टाकणारा माणूस

चीफना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका विधवेवरून भयंकर चिडलेले होते. सिंगापूरमध्ये हौगांगला त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने द्यायची आहे असं कळलं, म्हणून मी बघायला गेले होते. दार त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, उघडलं. आत जेवणाच्या टेबलाशी, अंगात पांढरा बनियन घातलेले एक उंच, वाळकेसे गृहस्थ लॅपटॉपसमोर बसून टेबलावर मूठ आपटत होते. मी नमस्कार केला. नमस्काराला नमस्कार नाही. म्हणाले, "नवरा जाऊन तीन आठवडे झाले नाहीत, तोवर हिच्या हातातलं पोस्ट ऑफिस काढून घ्यायला निघाले! इतकी वर्षं खरं काम हीच करत होती. नवरा नुसत्या सह्या ठोकायचा."

मला वाटलं, इमारतीतलंच कोणीतरी असेल. शक्य तितक्या हळहळीने मी विचारलं, "कुठल्या मजल्यावर राहतात त्या?"

"कॅन्ससला," चीफ म्हणाले. "मरून सत्तर-ऐंशी वर्षं झाली असतील आता."

काकूंनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'बस' म्हटलं. खोली चांगली होती, वारा यायचा, स्टेशन जवळ होतं. मी ती घेतली आणि पुढची चार वर्षं त्या घरात राहिले.

चीफ मर्चंट नेव्हीतले. पस्तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेली, त्यातली निम्मी चीफ इंजिनीअर म्हणून. निवृत्त झाले तरी चीफ ते चीफच राहिले. खालचा कोपीवाला, म्हणजे इथला कॉफीवाला, त्यांना चीफ म्हणायचा, महाराष्ट्र मंडळातले लोक चीफ म्हणायचे, काकूसुद्धा चारचौघांत चीफच म्हणायच्या. घरात त्यांनी जहाजाच्या हुद्द्यांचं राज्य चालू ठेवलं होतं. काकू कॅप्टन. मी ज्युनिअर, म्हणजे इंजिनरूममधली सगळ्यात खालची.

"ज्युनिअर, बाथरूमचा पंखा सकाळपासून चालू आहे. डिझेल काय तुझ्या वडिलांचं आहे?"

"चीफ, तो विजेवर चालतो."

"आणि वीज कशावर चालते?"

मी पुण्याहून आलेली, कॉम्प्युटरवर आकडे चाळणारी मुलगी. मी निमूट जाऊन पंखा बंद करायचे.

आता त्या विधवेचं. अमेरिकेतल्या कुठल्याशा ग्रंथालयाने जुनी हस्तलिखित पत्रं स्कॅन करून वेबसाइटवर टाकली होती. जुनं वळणदार अक्षर मशीनला धड वाचता येत नाही, म्हणून जगभरातले हौशी लोक एकेक पत्र वाचून टाइप करून देतात, अगदी फुकट. चीफ रोज सकाळी सात ते अकरा तेच करायचे. त्यात ते शिरले दीपगृहांमुळे. जुन्या दीपगृहांची माहिती शोधता शोधता त्यांना शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा एक अर्ज सापडला, दीपगृहाच्या रखवालदाराची जागा मागणारा. अर्ज कॅन्ससच्या, म्हणजे समुद्रच नसलेल्या राज्याच्या, एका सिनेटरच्या नावे होता. अर्जात समुद्राविषयी एक अक्षर नव्हतं. निवडणुकीत त्या गृहस्थाने सिनेटरसाठी किती दारं ठोठावली, एवढंच होतं.

"आणि मिळाली त्याला जागा!" चीफ हे सांगताना दर वेळी पहिल्यांदाच कळल्यासारखे उभे राहायचे. "असल्या दिव्यांच्या भरवशावर माणसं जहाजं हाकायची, ज्युनिअर. दिवा कोणी लावायचा ते असं ठरायचं."

तेव्हापासून चीफनी त्या सिनेटरचं अख्खं दप्तरच अंगावर घेतलं. त्या काळी तिथे गावोगावचे पोस्टमास्तर, जकात नाक्यावरचे इन्स्पेक्टर, दीपगृहांचे रखवालदार, सगळे राजकारण्यांच्या शब्दावर नेमले जायचे. वॉशिंग्टनला पक्ष बदलला की खेड्यातला पोस्टमास्तर बदलायचा. मग अर्जांचा पाऊस. सोबत गावच्या बँकवाल्याची शिफारस, पाद्र्याची शिफारस, डॉक्टरची शिफारस. कोणी लिहायचा, जर्मन वस्तीतली सगळी मतं मी फिरवली. कोणी लिहायचा, आत्ताचा पोस्टमास्तर दुसऱ्या पक्षाचा आहे आणि शिवाय लोकांची पोस्टकार्डं वाचतो. एकाने अर्जासोबत सफरचंदांचं पिंपच पाठवलं होतं. पत्राच्या कोपऱ्यात सिनेटरचा सेक्रेटरी निळ्या पेन्सिलीने शेरा मारायचा. 'हो.' 'नाही.' 'भेटू दे.' आणि सगळ्यात जास्त वेळा, 'कोणाचा?'

"याला काय येतं, असं एकदाही लिहिलेलं नाही," चीफ म्हणायचे. "एकदाही नाही. कोणाचा, एवढंच."

सुरुवातीला मला हे वेड वाटलं. सकाळच्या पोह्यांबरोबर मला शंभर वर्षांपूर्वीच्या ताज्या बातम्या मिळायच्या. पण मी शेजारी बसून त्यांना वाचताना पाहायला लागले तेव्हा माझं हसू मावळत गेलं. एका न लागणाऱ्या शब्दासाठी ते तीन-तीन दिवस घालवायचे. त्या माणसाची दुसरी पत्रं शोधून त्याचं 'आर' कसं असतं, 'एन' कसं असतं ते वहीत उतरवून घ्यायचे. हा माणूस डावखुरा आहे, शाई डावीकडून पुसली गेलीय. या बाईने पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतलंय, सही तेवढी तिची, आणि सही करताना हात थरथरलाय. ज्यांच्या अर्जांना जिवंतपणी कोणी दोन मिनिटं दिली नाहीत, त्यांना चीफ हौगांगच्या दहाव्या मजल्यावर बसून तीन दिवस द्यायचे. इतकं लक्ष देऊन वाचणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिलेला नाही.

शेजारची चिनी आंटी एकदा व्हरांड्यात कपडे वाळत घालताना इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, एव्हरी डे टायपिंग, टायपिंग. फॉर हू, लाह?"

"फॉर डेड पीपल," चीफ म्हणाले.

आंटीने नंतर महिनाभर आमच्या दाराकडे बघितलं नाही.

विधवेचा निकाल मात्र दोन वर्षांनी लागला. म्हणजे तिचा शंभर वर्षांपूर्वीच लागला होता, आमच्याकडे पत्र उशिरा सापडलं. पोस्ट बँकवाल्याच्या जावयाला मिळालं होतं. चीफ त्या दिवशी जेवले नाहीत. काकू मला वाढता वाढता म्हणाल्या, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्यासाठी कधी उपास केला नाही यांनी. कॅन्ससच्या बाईसाठी केला." पण त्यांनी चीफचं ताट झाकून ठेवलं होतं, आणि चारच्या सुमाराला गरम करून त्यांच्यापुढे सरकवलं.

सिनेटरचं छापील उत्तरही चीफना तोंडपाठ झालेलं होतं. ते त्याचं चोख सरकारी मराठी करून घरात वापरायचे. काकू म्हणायच्या, "अहो, कोथिंबीर आणायची राहिली."

"आपल्या विनंतीची योग्य ती नोंद घेण्यात आली आहे. उचित वेळी तिचा सहानुभूतीपूर्वक विचार होईल."

"म्हणजे आणणार नाही."

"कॅप्टनला सिनेट बरोब्बर कळते," चीफ मला म्हणायचे.

हे सगळं गमतीचं. पण एका बाबतीत चीफ अजिबात गमतीत नसायचे. ते कोणासाठी शब्द टाकायचे नाहीत.

आमच्या लोकांत शब्द टाकणं ही काय चीज आहे ते सिंगापूरला आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मंडळाच्या गणपतीत निम्मे लोक आरतीला येतात आणि निम्मे भाच्याचा सीव्ही फॉरवर्ड करायला. त्यात वाईट आहे असं कोणालाच वाटत नाही. आपण नाही आपल्या माणसाचं करायचं तर कोणी करायचं? आणि चीफच्या हाताखाली शिकलेले लोक तर अर्ध्या बंदरात मोठमोठ्या जागांवर बसलेले. त्यामुळे घरी माणसं यायची. चीफ त्यांना बसवायचे, चहा द्यायचे, सीव्ही शेवटपर्यंत वाचायचे, अगदी छंदांपर्यंत. मग विचारायचे, "तो स्वतः का नाही आला?" स्वतः आलेल्याला ते हवं ते शिकवायचे, दोन-दोन तास. शब्द मात्र नाही.

चोआ चू कांगला राहणारे एक मॅनेजर एकदा एप्रिलमध्ये पुतण्याचा सीव्ही आणि हापूसची पेटी घेऊन आले. देवगडची पेटी, विमानाने आलेली. चीफनी सीव्ही वाचला, नेहमीचा प्रश्न विचारला. ते गृहस्थ गेले आणि पेटी विसरल्यासारखी मागे राहिली. काकूंनी झाकण जरा उचलून वास घेतला होता, ते मी पाहिलं. चीफ उठले, शर्ट चढवला, पेटी खांद्यावर घेतली आणि दोन लाईन बदलत एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, थेट चोआ चू कांगला जाऊन परत देऊन आले. जायला तासाच्या वर लागतं. "अख्खा डबा माझ्याकडे बघत होता," आल्यावर म्हणाले. "एक म्हातारी तर मागे मागे आली." काकू त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चीफ तेक्का मार्केटमधून स्वतः सहा आंबे घेऊन आले. ते काही तितके चांगले नव्हते, पण काकूंनी खाल्ले.

चीफच्या आठवड्यात दोन दिवस मात्र अमेरिकेला सुट्टी असायची. मंगळवारी आणि गुरुवारी ते तांजोंग पगारला जायचे. तिथल्या एका शिपिंग कंपनीत ते सल्लागार होते. कंपनीचा डायरेक्टर मुंबईचा, एके काळी चीफच्या जहाजावर थर्ड इंजिनीअर होता. आता त्याची काचेची केबिन वरच्या मजल्यावर आणि गाडी तळघरात, पण चीफ त्याला अजून 'थर्ड'च म्हणायचे. त्या दोन दिवसांसाठी पांढरा शर्ट सोमवारीच इस्त्री होऊन लटकायचा. तिथे तरुण पोरं इंजिनांची ड्रॉइंग्ज घेऊन त्यांच्याभोवती जमायची. संध्याकाळी परत आले की चीफ दोन इंच उंच झालेले वाटायचे आणि जेवताना शंभर वर्षांपूर्वीचं नव्हे, आजचं बोलायचे. काकू म्हणायच्या, "तिथे पोरं विचारतात त्यांना. घरात कोण विचारतंय?"

आणि मग माझी नोकरी गेली.

आमची अख्खी टीमच बंद झाली, एका बुधवारी, अर्ध्या तासाच्या मीटिंगमध्ये. इथे आमच्यासारख्यांचं राहणं नोकरीच्या पासवर असतं. नोकरी गेली की पास रद्द, आणि त्यानंतर तीस दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळवायची, नाहीतर सामान बांधायचं. मी तेव्हा चौतिशीची होते. सहा वर्षं सिंगापुरात स्वतःच्या हिमतीवर राहिले होते. आई दर रविवारी फोनवर म्हणायची, "बास झालं आता, परत ये, तुझं एकदा मार्गी लागू दे." परत जाणं म्हणजे त्या 'बास झालं'ला मान डोलावणं. आणि नातेवाइकांत तोंड कसं दाखवायचं? मला इथेच राहायचं होतं, एवढं एकच मला त्या महिन्यात कळत होतं.

मी सत्तर-ऐंशी अर्ज केले असतील. उत्तरं आली ती सगळी सिनेटरच्या जातीची. त्यातच मला दिसलं, की चीफच्याच कंपनीत जहाजांच्या इंजिनांचे आकडे बघणाऱ्या माणसाची जागा निघाली आहे. मी रीतसर अर्ज केला. दहा दिवस काही नाही. चीफना सगळं माहीत होतं. ते रोज विचारायचे, "आलं काही?" मी नाही म्हणायचे. मी त्यांच्याकडे मागितलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. त्यांच्या त्या न काढण्याचा मला मनातून फार राग येत होता.

विसाव्या दिवशी मी डायरेक्टरला सरळ मेसेज केला. 'सर, मी चीफच्या घरी राहते. गेली चार वर्षं.' खाली अर्जाचा नंबर. चार मिनिटांत उत्तर आलं, उद्या अकराला ये.

दुसरा दिवस बुधवार होता, म्हणजे चीफ ऑफिसात नव्हते. डायरेक्टर उठून दारापर्यंत आले. चीफचा गुडघा कसा आहे, काकूंच्या हातचं सुरमईचं कालवण अजून तसंच असतं का, चीफ अजून मेलेल्यांची पत्रं टाइप करतात का, सगळं विचारलं. दोघं खूप हसलो. मग त्यांनी फोन उचलून एचआरला सांगितलं, "हिचे पेपर्स करून टाका." मला म्हणाले, "चीफच्या घरात चार वर्षं टिकलीस, आणखी काय बघायचं?"

खाली रस्त्यावर आल्यावर मला नाचावंसं वाटलं. औट्रम पार्कला गाडी बदलेपर्यंत तो आनंद टिकला. पुढे मात्र स्टेशनागणिक तो उतरत गेला आणि हौगांग आलं तेव्हा मला घरी जायचीच भीती वाटू लागली. नोकरी मिळाली एवढंच सांगायचं, कशी ते नाही, असं मी लिफ्टमध्ये पक्कं ठरवलं होतं. डायरेक्टर काही सांगणार नव्हते, त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

चहाच्या वेळी चीफ समोर बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चीफ, मी थर्डकडे गेले होते. मी तुमचं नाव वापरलं. मला जागा मिळाली."

काकूंचा हात गाळणीवर थांबला. चीफ चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "काय विचारलं त्याने?"

"तुमच्या गुडघ्याचं."

"कामाचं काय विचारलं?"

"नाही विचारलं."

"एकही प्रश्न नाही?"

"नाही."

"एकही?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी मला वाटलं की हा प्रश्न मला नाहीये. चहा न पिता ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पांढरा शर्ट घालून ते तांजोंग पगारला गेले. दुपारी मला एचआरचा ईमेल आला. निवडलेल्या इतर उमेदवारांबरोबर सोमवारी आपली मुलाखत आहे, कृपया उपस्थित राहावे.

चीफ घरात शिरले तेव्हा मी दारातच उभी होते. मी इतकी ओरडले की शेजारच्या आंटीने दार उघडून बघितलं. "तुम्ही मेलेल्या माणसांच्या अर्जांसाठी उपास करता, आणि घरातल्या जिवंत माणसाचा अर्ज मागे घेता! माझे नऊ दिवस राहिलेत, चीफ. नऊ!"

"अर्ज तुझा आहे, तो तिथेच आहे," चीफ म्हणाले. "मी माझं नाव काढून आणलं."

"तुमच्या नावाने काय बिघडत होतं?"

"त्या जागेसाठी आणखी चार जण आहेत, ज्युनिअर. त्यांच्यापैकी कोणीच माझ्या घरी राहत नाही."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. शुक्रवारी दिवसभर बाहेर आले नाही. शनिवारी सकाळी सातला पाणी प्यायला आले, तर लॅपटॉप बंद होता. चार वर्षांत शनिवारी असं पहिल्यांदाच. टेबलावर चीफनी वाट्या, चमचे, गाळणी, काकूंचा कुकर असं सगळं मांडलं होतं आणि ते माझी वाट बघत बसले होते. "ही टाकी," वाटी उचलून ते म्हणाले. "इथून तेल येतं. इथे साफ होतं. बस."

मला बसायचं नव्हतं. मी बसले. शनिवार-रविवार मिळून त्यांनी मला एक अख्खं जहाज शिकवलं. तेल कसं तापतं, कुठला आकडा आधी हलतो, कुठला खोटं बोलतो. "तापमान अचानक वाढलेलं दिसलं. काय करशील?"

"सेन्सर तपासेन."

"आधी जहाजावर फोन करशील. तिथे माणूस आहे. तो इंजिनाशेजारी उभा आहे." हे ते इतक्या कळवळ्याने म्हणाले, की माझा राग तेवढ्यापुरता कुठे गेला ते कळलं नाही.

सोमवारी लॉबीत माझ्या शेजारी एक मलाय बाई बसली होती, माझ्याच वयाची, डोक्याला फिकट हिरवा स्कार्फ. शिपयार्डमध्ये बरीच वर्षं काढलेली. "यू नर्व्हस? मी ऑल्सो, लाह," असं म्हणून तिने मला पेपरमिंटची गोळी दिली. मुलाखत दीड तास चालली. तिघं होते, डायरेक्टर त्यात नव्हते. तापमानाचा प्रश्न आला आणि मी आधी फोन करेन म्हटलं, तेव्हा तिघांनीही मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतकी चांगली मुलाखत मी आयुष्यात दिली नव्हती.

जागा त्या बाईला मिळाली. डायरेक्टरांनी त्याच संध्याकाळी मला स्वतः फोन केला, जरा अवघडूनच. "तू दुसरी होतीस," म्हणाले.

उरलेले दिवस मी चीफशी बोलले नाही. विचारलं तर हो-नाही एवढंच. तिकीट काढलं, सामान आवरायला घेतलं. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, काकू माझे कपडे घडी करायला आल्या. बाहेर टेबलाशी चीफचं टायपिंग चालू होतं. मी म्हटलं, "आज मंगळवार ना? गेले नाहीत?"

"तुला कळलं नाही?" काकू म्हणाल्या. "त्या गुरुवारीच राजीनामा देऊन आले."

मी हातातला कुर्ता तसाच धरून राहिले. काकू कपड्यांकडे बघत सांगत होत्या. "तुझ्या अर्जामागचं स्वतःचं नाव आधी काढून घेतलं. मग म्हणे थर्डला विचारलं, मला नेमलंस तेव्हा तू काय काय विचारलं होतंस? तो म्हणाला, चीफ, तुम्हाला काय विचारायचं? मग हे म्हणाले, म्हणजे मीही तसलाच. आणि तिथेच लिहून दिलं. तो पोरगा हात जोडत होता म्हणे."

"काकू, पण ते तर खरंच चीफ आहेत. त्यांना येतं सगळं."

"ते मी नाही का सांगितलं? म्हणाले, येतं की नाही ते विचारलं कोणी?" त्या उठल्या. "माझे आपले दोन दिवस निवांत जायचे, तेवढे गेले."

दारातून मला चीफची पाठ दिसत होती. दोन दिवस पोरं त्यांना विचारायची, त्या दोन दिवसांवर त्यांचा आठवडा उभा होता, हे मला चांगलं माहीत होतं. माझं ओरडणं ऐकून घेताना त्यांनी त्याबद्दल ब्र काढला नव्हता. मला त्यांची भीती वाटली. आपल्यापेक्षा फार मोठ्या माणसाजवळ उभं राहिल्यावर वाटते तशी. जाऊन पाया पडावं असं वाटत होतं, पण राग अजून पुरता गेला नव्हता, आणि दोन्ही एकदम करता येईना.

निघताना त्यांनी माझी मोठी बॅग खाली टॅक्सीपर्यंत आणली, दुखऱ्या गुडघ्याने. "पासपोर्ट?" त्यांनी विचारलं. मी दाखवला. "बरं," म्हणाले आणि टॅक्सीचं दार लावलं.

दीड वर्षाने मी परत सिंगापूरला आले, दुसऱ्या कंपनीत, चार मुलाखती देऊन. पहिल्या रविवारीच हौगांगला गेले आणि चीफनी मला पंख्यावरून झापलं. ते सगळं नंतरचं. त्याआधी, पुण्याला येऊन दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट सांगते. ते दोन महिने वाईट होते. मावशी, काका, शेजारचे, जो भेटेल तो विचारायचा, "का गं परत आलीस?" मी प्रत्येकाला सांगायचे, घरमालकाने माझी मिळालेली नोकरी घालवली.

एके दिवशी पोस्टमनने एक पाकीट आणून दिलं. आत एकच कागद, चीफच्या हातचा. वर 'शिफारसपत्र' असं लिहून खाली रेघ मारलेली. आणि मजकूर चक्क मराठीत. सिंगापूरच्या कुठल्या एचआरला मी ते दाखवणार होते? जिन्यात उभ्याउभ्याच वाचलं.

'ज्यांच्या हाती पडेल त्यांस, स. न. वि. वि. सदर बाई माझ्या घरात चार वर्षं राहिल्या. पंखे चालू ठेवतात. भात त्यांना जमत नाही. शिकवलेलं दोन दिवसांत शिकतात. त्यांनी एकदा माझं नाव मला न विचारता वापरलं आणि त्यांना जागा मिळाली. त्याच संध्याकाळी त्यांनी ते स्वतःहून मला सांगितलं. सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं आणि त्या आज इथेच असत्या. मी कसा माणूस आहे हे त्यांना चार वर्षं माहीत होतं, म्हणजे सांगितल्यावर काय होईल हेही माहीत होतं. मी गेली अकरा वर्षं जागा मागणाऱ्यांची पत्रं वाचतो आहे. मिळालेली जागा अशी सांगून सोडणारा माणूस मला त्यांत अद्याप सापडलेला नाही. या पत्राद्वारे मी काहीही मागत नाही.'

खाली सही, आणि सहीखाली 'चीफ इंजिनीअर (निवृत्त)'.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. दोन महिने मी सगळ्यांना सांगत होते की त्यांनी घालवली. त्यांच्या लेखी ती मी सोडली होती, त्या चहाच्या टेबलाशी, डोळे उघडे ठेवून. मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि मग रडू आलं. वर मावशी आलेली होती, तिचा आवाज खालपर्यंत येत होता. मी डोळे पुसले, वर गेले, आणि तिने का परत आलीस म्हणून विचारल्यावर मला पहिल्यांदाच लाज वाटली नाही.